तिघींची एक बरणी

"झालं तर मग. तुम्ही या आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेनाला टोपण लावलं आणि दाराकडे बघितलं. समोरची बाई उठेल अशी त्यांची समजूत. ती काही उठली नाही. उलट मांडीवरची पर्स टेबलावर ठेवून, खुर्ची पुढे ओढून ती ऐसपैस बसली.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"बाहेर पेशंट थांबलेत."

"बोलवा की आत. माझं काय जातंय? मी बसते इथंच."

ही कात्री. खरं नाव आहे तिला, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं, पण गल्लीत कुणाला विचारलंत तर डोकं खाजवतील. घराच्या पुढच्या खोलीत ती बायकांचे केस कापते, म्हणून कात्री, असं ती स्वतः सांगते. जे कुणी तिच्याशी कधी वाद घालायला गेलेत ते वेगळंच कारण सांगतात.

डॉक्टरीणबाईंनी तिला हाकललं होतं, ते एका प्रयोगातून. म्हणजे हॉस्पिटलात लिव्हरवरच्या एका नव्या औषधाची परीक्षा चालली होती, वर्षभरापासून. ज्यांच्या लिव्हरवर चरबी साठून ते कडक व्हायला लागलंय, अशा माणसांना रोज एक गोळी द्यायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. कात्री त्यातली एक. आता तिचं नाव कापलं होतं. तिचं आणि तिच्या दोघी मैत्रिणींचं. का, ते सांगायचं तर आधी एका उकडलेल्या अंड्यापासून सुरुवात करावी लागेल.

कात्रीच्या लहानपणी घरात भावंडं चार आणि अंडं एक. आई काय करायची, शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायची, त्याचं एक टोक दातांत धरायची, आणि अंड्याला वेढा देऊन असा अलगद ओढायची की पिवळ्यासकट चार सारख्या फोडी पडायच्या. सुरीनं कापलं तर पिवळं चिकटून राहतं, म्हणायची, मग कुणाच्या तरी वाट्याला नुसतं पांढरं येतं आणि घरात भांडण लागतं. स्वतःला काय? तर दोऱ्याला लागलेलं चाटायची आणि हसायची. कात्रीचा हात पुढे केसांवर इतका समान चालायला लागला तो त्या दोऱ्यामुळेच, असं मला वाटतं.

ती आई गेली पोटात पाणी होऊन. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजलेले आणि पोट असं की शेजारच्या एका बाईनं विचारलं, या वयात दिवस राहिले की काय. लिव्हर गेलं म्हणाले डॉक्टर. आणि लिव्हर गेलं म्हटल्यावर लोकांनी जे बोलायचं ते बोलले. चोरून पीत असेल. आयुष्यात जिनं खोकल्याच्या औषधाचाही वास सहन केला नाही, ती बाई! मातीला आलेल्यांमधे दोघी कुजबुजत होत्या, ते कात्रीनं ऐकलं. तेव्हा ती पंचविशीची, पोर कडेवर. तिथंच उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या आईच्या तोंडाला वास येत होता का? ज्यांना येत होता त्यांनी पुढे या. देवाच्या साक्षीनं सांगा." कुणी पुढे आलं नाही. पण कुजबुज थांबली असंही नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. कात्रीला साखरेचा आजार लागला, कंबर वाढली, दुपारी केस धुता धुता डुलक्या यायला लागल्या. एकदा पोटाची सोनोग्राफी केली तर लिव्हरवर चरबी. ती घरी आली, रिपोर्ट फ्रिजवर ठेवला आणि कामाला लागली. रडली नाही. रडली ती पुढच्या वर्षी. मुलगी आता मोठी झालेली, तिच्याबरोबरच दुसऱ्या खुर्चीवर काम करणारी, अंगानं काटकुळी. बाहेरच्या एका नोकरीसाठी तपासणीला गेली आणि तिचाही तोच रिपोर्ट आला. जाड नाही, पीत नाही, वय चोवीस, आणि लिव्हरवर चरबी. आजीची देणगी, डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांत असतं.

"यावर औषध?" कात्रीनं विचारलं.

"चाला. वजन आटोक्यात ठेवा. अमुक खाऊ नका. नेमकं औषध अजून नाही. शोध चाललाय."

"कुठं चाललाय?"

योगायोग म्हणा, देवाची इच्छा म्हणा, तो त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चालला होता. कात्री जिना चढून गेली आणि नाव घालून आली.

घरात एकच गोंधळ. नवरा फ्रिज दुरुस्त करतो, फारसं बोलत नाही, तो एवढंच म्हणाला, "तुला सुई सहन होत नाही." ते खरं होतं. सुरुवातीलाच बरगड्यांमधून लांब सुई घालून लिव्हरचा तुकडा काढतात, आणि शेवटी पुन्हा काढतात, मगच कळतं बरं झालं की नाही. नणंद मात्र बोलण्यात कमी नाही.

"वहिनी, कशाला त्यांचा उंदीर होतेस?"

"उंदराची सही घेतात का गं? माझी घेतली."

"गोळी खरी देतील की खोटी, तेही सांगणार नाहीत म्हणे."

"त्यांनाच माहीत नसतं, तर सांगतील काय कपाळ?"

उत्तर ठसक्यात दिलं, पण हीच गोष्ट कात्रीच्या घशाखाली उतरत नव्हती. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसती पांढरी गोळी, दिसायला तशीच. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं, आणि डॉक्टरांनाही कळायचं नाही. हे तिला नीट वाचून दाखवलं होतं, तिने मान डोलावली होती, सही केली होती. असं का करतात, ते मात्र तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दर भेटीला रक्त द्यायचं, पोटाभोवती टेप लावून घ्यायची, नवी बाटली घ्यायची आणि घरी जायचं.

रक्त देऊन बाहेरच्या बाकावर बसावं लागे. तिथं तिला दोघी भेटल्या. एक मास्तरीण, नुकतीच निवृत्त झालेली, सरळ पाठीची, बोलताना मधेच "कळलं?" म्हणणारी. दुसरी टॅक्सी चालवायची, तिचं हसू बाकाला हादरे द्यायचं. तिघींचा आजार एक, तिघींचा वार एक. तीन भेटींत गट्टी जमली. पुढे पुढे तर हॉस्पिटलातून तिघी टॅक्सीत बसून थेट कात्रीच्या खोलीवर यायच्या, मास्तरीण केस धुवून घ्यायची, टॅक्सीवाली चहा करायची.

अशाच एका दुपारी मास्तरीण आरशासमोर बसून एकाएकी म्हणाली, "मला खोटीच मिळतेय. मला माहीत आहे."

"कशावरून?"

"माझे रक्ताचे आकडे वाढलेत. पाय सुजतात संध्याकाळी. हिचे बघ, कसे उतरलेत." आणि टॅक्सीवालीकडे बोट.

टॅक्सीवालीचं हसू तिथंच थांबलं. "मग माझी घ्या, बाई. मी काय, दणकट आहे."

"आणि तू काय घेशील?"

कात्री कंगवा धुवत होती. तिने नळ बंद केला. कापूस ठेवायची मोठी काचेची बरणी रिकामी केली, पदरानं नव्हे, चांगल्या धुतलेल्या टॉवेलानं पुसली, आणि म्हणाली, "ओता."

"काय?"

"तिघींच्या बाटल्या. ओता यात. गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात ना? हलवायच्या आणि मोजून तीन वाटे करायचे. कुणाला खरी, कुणाला खोटी, हा प्रश्नच नको. जे काय आहे ते तिघींना सारखं."

मास्तरीण म्हणाली, "हे नियमात बसतं का?"

"कुणीतरी उपाशी राहायचं आणि कुणीतरी जेवायचं, हे कुठल्या नियमात बसतं?" कात्री म्हणाली.

बाटल्या ओतल्या. वळवाच्या गारा पत्र्यावर पडाव्यात तसा आवाज झाला. कात्रीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, बरणी दोन्ही हातांनी हलवली आणि तीन वाटे केले, अगदी आईसारखे. त्या दिवशी तिघींना इतकं हलकं वाटलं की टॅक्सीवालीनं केस कापून घेतले, तेही छोटे. पुढे प्रत्येक बाटलीचं तसंच होत गेलं. यात कुणाची फसवणूक होतेय, हे तिघींच्या स्वप्नातही नव्हतं.

पकडलं ते रक्तानं. खरी गोळी खाणाऱ्याच्या रक्तात औषध सापडायला हवं, खोटी खाणाऱ्याच्या नाही. या तिघींच्या रक्तात ते एका वेळी सापडे, दुसऱ्या वेळी गायब. दूरच्या प्रयोगशाळेतून डॉक्टरीणबाईंना फोन आला, तुमच्याकडे काहीतरी गडबड आहे. त्यांनी तिघींना एकत्र बोलावलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "गोळ्या विकता का तुम्ही?"

मास्तरीण पांढरीफटक पडली. कात्री ताडकन म्हणाली, "विकत नाही, वाटून घेतो." आणि बरणीची सगळी हकीकत, काही न लपवता, सांगून टाकली. सांगताना तिचा आवाज जरा अभिमानाचाच होता.

डॉक्टरीणबाई कपाळावर हात मारून बसल्या. मग त्यांनी कात्रीच्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडांना केसांच्या रंगाचे डाग होते.

"नवा रंग आला की तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"कानामागे लावून बघते. खाज सुटते का ते."

"एका कानामागे नवा, दुसऱ्या कानामागे काहीच नाही. बरोबर? म्हणजे खाज रंगानं सुटली की आपोआप, ते कळतं. आता कुणी दोन्हीकडे थोडा थोडा लावून ठेवला तर?"

आता कात्रीच्या लक्षात आलं. खोटी गोळी म्हणजे कुणाला उपाशी ठेवणं नव्हतं. तो दुसरा कान होता. तो कोरा राहिला नाही, तर औषध चांगलं असूनही कळणार नाही, वाईट असूनही कळणार नाही. आणि कळलं नाही तर काटकुळ्या पोरीच्या वेळीही डॉक्टर हेच म्हणणार, चाला, वजन आटोक्यात ठेवा, शोध चाललाय.

"हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"सांगितलं होतं. तुम्ही सही केलीत."

"काय करणार ते सांगितलंत. का करणार ते नाही."

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. त्यांनी तिघींच्या गोळ्या बंद केल्या, आणि आठवड्यानं कात्रीला एकटीला बोलावून सांगितलं की तिघींची नावंच प्रयोगातून काढून टाकतेय. जणू त्या आल्याच नव्हत्या. शेवटची सुई नको, तपासणी नको, या आता.

आणि कात्री खुर्चीतून उठली नाही. ती ही वेळ.

"गोळ्या बंद केल्यात, बरोबर केलंत," ती म्हणाली. "चूक माझी. मी बरणी आणली. मास्तरीणबाईंना बोल लावू नका, त्यांनी आधी विचारलं होतं. पण पहिली सुई मी खाल्ली ती कशासाठी? वर्षभर रक्त दिलं ते कशासाठी? शेवटची सुई घातल्याशिवाय मी जाणार नाही."

"तुम्हाला काहीही फायदा नाही त्याचा. उलट त्रास."

"माझ्या फायद्यासाठी मी पहिल्या दिवशीही आले नव्हते."

"ताई, समजून घ्या. तुमच्यामुळे माझं अख्खं केंद्र बदनाम होईल."

तेव्हा कात्रीला पहिल्यांदा कळलं की समोरची बाईही घाबरलेली आहे. कळलं, पण मन विरघळू दिलं नाही. "तुमच्या वर कुणी आहे का?" तिने विचारलं.

होतं. अशा प्रयोगांवर लक्ष ठेवणारी एक समिती असते, तिचा फोन नंबर पेशंटला पहिल्याच दिवशी दिलेला असतो. कात्रीनं घरी येऊन फोन लावला. मास्तरीण म्हणाली, "मला नको ओढूस यात. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता या वयात मीच पकडली गेले. तोंड दाखवायला जागा नाही." टॅक्सीवाली म्हणाली, "जाऊ दे ना, सुटलो म्हण. सुई वाचली." नणंद म्हणाली, "वहिनी, त्यांनी नाही म्हटल्यावर तू स्वतःहून पोट फाडून घ्यायला निघालीस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोक्याचंच काम करते मी," कात्री म्हणाली. "जागेवरच आहे."

नवऱ्यानं समितीच्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि तिला दारापर्यंत सोडलं. आत गेला नाही. "मी इथं आहे," एवढंच म्हणाला.

लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, चारपाच माणसं, आणि एका कडेला डॉक्टरीणबाई, फाईल छातीशी धरून. अध्यक्ष म्हणून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. केस मागून फार वेडेवाकडे कापलेत, हे आधी कात्रीच्या लक्षात आलं आणि तिची भीती जरा कमी झाली.

"तुमची तक्रार काय?" त्यांनी विचारलं.

"मला मोजत नाहीत, ही तक्रार."

"पण गोळ्या मिसळल्यात तुम्ही."

"मिसळल्या." मग तिने अंड्याचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं. कुणीतरी खुदकन हसलं. कात्रीनं तिकडे बघितलं. "हसा. मलाही आता हसू येतं. पण माझी आई गेली तेव्हा तिनं काय खाल्लं, काय प्यायलं, हे लोकांनीच ठरवलं. तिचं लिव्हर कुणी उघडून बघितलं नाही. आता माझंही न बघताच तुम्ही ठरवणार, ही बाई नव्हतीच म्हणून? मी होते. चुकले, पण होते. चुकीसकट लिहा."

अध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "काढून टाकायचं कुणी ठरवलं?"

"मी. त्या तिघींमुळे निकाल गढूळ होईल, सर."

"होईल थोडा. पण जो नियमानं वागला नाही त्याला वगळत गेलो, तर उद्या ज्याचा निकाल आवडला नाही त्यालाही वगळता येईल. सुरुवातीला जे आत आले ते शेवटपर्यंत मोजायचे. हे तुम्ही मला शिकवायला हवं." ते कात्रीकडे वळले. "आणि ताई, तुम्हीही ऐका. मोजलं म्हणजे तुमची मिसळही मोजली गेली. औषध चांगलं असलं, तर तुमच्यामुळे ते आहे त्यापेक्षा जरा कमीच दिसेल. चालेल?"

हे मात्र कात्रीला लागलं. तिच्या डोळ्यांसमोर पोरीचा रिपोर्ट आला. तिने समोरचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाली, "चालेल असं नाही. पण खरं आहे ते असू दे. औषधात दम असेल तर तिघींना पुरून उरेल."

समितीनं तिघींना आत ठेवलं, गोळ्यांशिवाय. केंद्राला कडक पत्र गेलं. डॉक्टरीणबाई त्यानंतर कात्रीशी गोड बोलल्या असं नाही. कामापुरतं बोलायच्या. टॅक्सीवालीनं सुईला नकार दिला, तो तिचा हक्क होता. मास्तरीण आधी नाही म्हणाली, मग सुईच्या आदल्या दिवशी केस धुवून घ्यायला आली आणि आरशात बघून म्हणाली, "पेपर अर्धा टाकून उठायचं नाही, हे मीच शिकवत आले. येते मी. कळलं?"

कात्रीची पाळी सकाळी होती. बरोबर मुलगी. खोली गार, पलंग अरुंद. उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगितला. डॉक्टरीणबाईंनी बरगड्यांवरून यंत्र फिरवून जागा बघितली, बधिर करायचं इंजेक्शन दिलं. त्यानंच कात्रीचं अर्धं अवसान गेलं.

"दुखलं तर सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सांगणार नाही. ओरडेन."

"ओरडू नका, सुई हलेल. श्वास सोडा. आता रोखा."

कात्रीनं श्वास रोखला. देवाला काही मागायचं तिच्या मनात होतं, पण मागायचं काय तेच सुचेना, तेव्हा नुसतंच त्याचं नाव घेतलं. खट्ट आवाज झाला. उजव्या खांद्यापर्यंत एक कळ गेली. ती ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र कानात गेलं.

"झालं. आता उजव्या कुशीवर पडून राहायचं, हलायचं नाही."

"दाखवा."

"काय?"

"काढलंत ते दाखवा मला."

 डॉक्टरीणबाईंनी छोटी बाटली उजेडाकडे धरून तिच्या तोंडासमोर आणली. पाण्यात एक तांबूस, बारीक, वळलेला तुकडा तरंगत होता. शिवणाच्या दोऱ्याएवढा.

"एवढासाच?"

"एवढा पुरतो. दोन तज्ज्ञ वेगवेगळे बघतील. कुणाचा आहे, आधीचा की नंतरचा, त्यांना काही सांगत नाहीत."

दारात उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं, "मग निकाल कधी?"

"सगळ्यांचे झाल्यावर. दोनेक वर्षं लागतील."

कात्री कुशीवर पडल्या पडल्या बाटलीकडे बघत होती. "त्यांना सांगा, हा माझा आहे."

"ताई, सांगता येत नाही. आत्ताच सांगितलं ना?"

"माहीत आहे," कात्री म्हणाली. "आता कळतं मला ते. नका सांगू. पण मोजा."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि ती इतरांच्या बाटल्यांच्या ओळीत ठेवून दिली.